कालवांच्या शेतीला सरकारी पैसा: कोण देतं, कोण तपासतं आणि मधे काय सुटतं?

बाजारात कालवं किंवा तिसऱ्या आल्या की त्या वेंगुर्ल्याच्या, गोव्याच्या की कारवारच्या, हे विकणारी बाई चटकन सांगते. ज्या खाडीत ती वाढली त्या खाडीचं पाणी शेवटचं कधी तपासलं, हे विचारायची सवय मात्र ना घेणाऱ्याला आहे, ना विकणाऱ्याला. गेल्या काही वर्षांत कालवपालनाला केंद्र आणि राज्य सरकारांकडून अनुदान मिळू लागलं आहे. बचत गट अर्ज करतात, खाडीत बांबूचे माचे उभे राहतात. त्यामुळे हा पैसा कुठून येतो, परवानगी कुणाची लागते आणि तयार माल खाण्यायोग्य आहे हे कोण सांगतं, याची एकत्र माहिती सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंतच्या आणि घाटावरच्या वाचकांसाठी इथे देत आहोत.

कालव हा वेगळा माल का?

कालव जन्माला आल्यावर काही दिवस पाण्यात तरंगतं आणि मग खडक, कवच, खांब असं काहीतरी पकडून तिथेच कायमचं चिकटतं. त्यानंतर ते जागा सोडत नाही. पाणी आत घ्यायचं, त्यातलं सूक्ष्म अन्न गाळायचं आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं काम. परिस्थिती चांगली असेल तर एक मोठं कालव दिवसाला दीडशे लिटरहून जास्त पाणी गाळतं.

यातच फायदाही आहे आणि धोकाही. फायदा असा की कालवाला खाद्य घालावं लागत नाही. कोळंबी किंवा पिंजऱ्यातल्या जिताड्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा असतो. तो इथे शून्य. गरजेपुरता बांबू, दोर, जुनी कवचं आणि मेहनत. म्हणून कमी भांडवलाच्या महिला गटांना हा धंदा जमतो. धोका असा की पाण्यात सांडपाणी असेल तर त्यातले जंतूही कालव गाळतं आणि अंगात साठवतं. माशाचं पोट साफ करून फेकता येतं. कालव आपण पोटासकट खातो.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, तुतिकोरीनला १९७० च्या दशकात कालवपालनाची पद्धत बसवली आणि पुढे केरळात ती गावोगावी नेली. रिकामी कवचं दोरीत ओवून माळा करायच्या, त्या माच्यावरून पाण्यात सोडायच्या. खाडीतली पिल्लं आपोआप येऊन त्यावर बसतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की कालवं मरू लागतात, म्हणून पावसाआधी माल काढणं बरं. कवचासकट वजनाच्या साधारण दहा टक्केच मांस हाती येतं, हे हिशेब करताना विसरू नये.

पैसा कुठून येतो?

राज्यघटनेप्रमाणे किनाऱ्याजवळची मासेमारी हा राज्याचा विषय आहे आणि प्रादेशिक सागरी हद्दीबाहेरची केंद्राचा. खाडी म्हणजे अर्थातच राज्याची. तरीही पैशाचा मोठा झरा दिल्लीतून येतो.

सध्याची मुख्य योजना प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना. २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचा आकार २०,०५० कोटी रुपयांचा धरला होता. हा आकडा ऐकून सरकार एवढे पैसे वाटणार असं वाटतं, पण त्यात केंद्राचे ९,४०७ कोटी, राज्यांचे ४,८८० कोटी आणि लाभार्थ्यांनी स्वतः घालायचे ५,७६३ कोटी आहेत. म्हणजे एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम अर्जदारांच्या खिशातून यायची आहे.

वैयक्तिक लाभाच्या कामांत सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना ६० टक्के अनुदान मिळतं. आपल्या भागातल्या तिन्ही राज्यांत त्या अनुदानातले ६० टक्के केंद्र देतं आणि ४० टक्के राज्य.

समजायला सोपं म्हणून २ लाख रुपयांचा प्रकल्प धरू. अर्जदार महिला असेल तर अनुदान १,२०,००० रुपये. त्यात केंद्राचे ७२,००० आणि राज्याचे ४८,०००. तिला स्वतः ८०,००० उभे करायचे. सर्वसाधारण गटातला पुरुष असेल तर अनुदान ८०,००० रुपये, त्यात केंद्राचे ४८,००० आणि राज्याचे ३२,०००. त्याचे स्वतःचे १,२०,०००. केंद्राने मान्य केलेल्या दरापेक्षा खर्च जास्त झाला तर वरचा सगळा भार अर्जदारावर.

दुसरा मार्ग फक्त महाराष्ट्रात आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना आणली. वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत ती चालते. कालवं, खेकडे, जिताडा, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे पर्याय तीत आहेत. इथे गटाच्या प्रकल्पाला ९० टक्के आणि वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के मदत आहे. वरच्याच २ लाखांच्या उदाहरणात गटाला फक्त २०,००० रुपये घालावे लागतात. बदल्यात गावाने कांदळवन राखायचं. सिंधुदुर्गात याची पूर्वतयारी आधीच झाली होती. केंद्र सरकार, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या पैशातून तिथे किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालला, त्यात कालवपालनाचे प्रयोग झाले.

आता नकाशा पाहा. तेरेखोल नदीच्या एका काठावर आरोंदा, समोर किरणपाणी. पाणी एकच, कालवं एकच, बायकांचं कामही एकच. पण आरोंद्याच्या गटाला महाराष्ट्राची ९० टक्क्यांची योजना मागता येते आणि किरणपाणीच्या गटाला येत नाही, कारण ती गोव्यात. त्यांना केंद्राची योजना आणि गोवा सरकार देईल ते. दक्षिणेला पोळे ओलांडून माजाळी-कारवारला गेलं की कर्नाटकचं मत्स्य खातं. यात कुणाची चूक नाही, राज्याचा विषय म्हटला की असंच होणार. पण शेजारच्या गावातल्या नातेवाइकाने सांगितलं म्हणून त्याच आकड्यावर हिशेब धरून बसू नये.

अनुदानाशिवाय खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही मिळतं. २ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी आणि वेळेवर फेडलं तर प्रत्यक्षात ४ टक्क्यांनी पडतं. मत्स्यसंपदा योजनेतच मच्छीमारांचा अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख. हप्ता सरकार भरतं. मात्र त्यासाठी मच्छीमार म्हणून नोंद हवी. सुकतीच्या वेळी खडकावर बसून कालवं फोडणाऱ्या बायकांपैकी कितीजणींची अशी नोंद आहे, हे प्रत्येक गावाने आपलं आपण पाहावं. नाव बहुधा होडी असलेल्या घरच्या पुरुषाचं असतं.

परवानगी कुणाची?

शेतकऱ्याकडे सातबारा असतो. खाडीच्या तळाचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो, तो भाग सरकारचा. त्यामुळे माचा उभारायचा तर जागेचा प्रश्न पहिला येतो. कांदळवन लागून असेल तर वनविभाग, होड्यांची वाट असेल तर बंदर खातं, शिवाय महसूल, ग्रामपंचायत आणि जुनी वहिवाट असलेले मच्छीमार. हा शेवटचा घटक कागदावर नसतो, पण तो दुखावला तर माचा टिकत नाही.

दुसरी परवानगी कोस्टल अॅक्वाकल्चर ऑथॉरिटीची. २००५ च्या कायद्याने हे प्राधिकरण झालं, त्याचं मुख्यालय चेन्नईत आहे. सुरुवातीला त्याचा सगळा भर कोळंबीच्या तळ्यांवर होता. २०२३ च्या दुरुस्तीने पिंजरा पद्धत, समुद्री शेवाळ, मोत्याची शिंपली यांच्याबरोबर कालव-तिसऱ्यांसारख्या दोन शिंपांच्या जीवांचं पालनही कायद्याच्या कक्षेत आलं. नोंदणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीमार्फत जातो. मत्स्यसंपदा योजनेच्या मंजुरीसाठीही जिल्हाधिकाऱ्यांचीच समिती आहे आणि तिच्या वर राज्यस्तरीय समिती.

एक इशारा. सगळीच शिंपली काढायला मोकळी नाहीत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेली पातळ, चपटी शिंपली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. ती पालनाच्या किंवा विक्रीच्या नावाखाली उचलली तर अनुदान राहील बाजूला आणि गुन्हा दाखल होईल.

तपासतं कोण?

अनुदानावर देखरेख आहे. पावत्या, जागेचे फोटो, ठिकाणाची नोंद, समितीची पाहणी. माचा उभा राहिला का, दोर आणले का, हे तपासलं जातं. पण हे झालं मालमत्तेचं ऑडिट. मालाचं ऑडिट वेगळं असतं, आणि तिथे कामं वाटली गेली आहेत.

पाणी पाहणं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. देशात किनारी पाण्याचे उपयोगानुसार एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे पाच वर्ग ठरवलेले आहेत. शिंपल्यांची मासेमारी आणि सागरी पालन हे पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक वर्गात येतात. आंघोळीचं पाणी त्याच्या खालच्या वर्गात. कागदावर विचार योग्यच आहे: ज्या पाण्यातला जीव पोटात जातो ते पाणी आंघोळीच्या पाण्यापेक्षा चांगलं हवं.

अन्न पाहणं हे एफएसएसएआय आणि राज्यांच्या अन्न सुरक्षा खात्याचं काम. पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की हा कायदा शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला त्यांच्या मूळ उत्पादनाच्या पातळीवर लागू होत नाही. गरीब उत्पादकाला इन्स्पेक्टरच्या फेऱ्यांतून वाचवण्यासाठी ही तरतूद रास्तच आहे. परिणाम मात्र असा की प्रदूषण मंडळाचं काम पाण्यात संपतं आणि अन्न खात्याचं बाजारात सुरू होतं. मधे कालव आहे. मत्स्य खातं दोन्हीकडे आहे, पण त्याच्या फायलीत प्रश्न असतो तो उत्पादन किती वाढलं हा.

भाजी-भाकरीच्या बाबतीत एवढी फट चालून जाते. कालवाच्या बाबतीत चालत नाही, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. १९८१ मध्ये तामिळनाडूत शिंपल्या खाऊन ८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, तिघे दगावले. १९८३ मध्ये मंगळूरजवळ तसाच प्रकार झाला. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिनाणे खाऊन सात जणांचा मृत्यू झाला, पाचशेहून जास्त लोक रुग्णालयात गेले. या घटनांत सांडपाण्याचा दोष नव्हता. समुद्रात काही सूक्ष्म शेवाळं एकदम वाढतात, त्यांचं विष शिंपल्यात साठतं आणि खाणाऱ्याला अर्धांगासारखी लक्षणं येतात. जंतू चांगल्या उकळीने मरतात. हे विष शिजवूनही जात नाही. चव आणि वास नेहमीसारखाच असतो. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात कालवांतून विषमज्वराची साथ पसरली. शिकागो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन या शहरांत मिळून सुमारे दीड हजार रुग्ण आणि दीडशे मृत्यू झाले. बाजार कोसळला. तेव्हा व्यापाऱ्यांनीच सरकारकडे नियम मागितले आणि १९२५ मध्ये शिंपल्यांच्या स्वच्छतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजही तो चालू आहे. राज्य सरकार प्रत्येक खाडीची तपासणी करून ती खुली किंवा बंद ठरवतं. प्रत्येक पोत्याला टॅग असतो: कुणी काढलं, कुठे, कोणत्या तारखेला. दुकानदाराने आणि हॉटेलवाल्याने तो टॅग ९० दिवस जपून ठेवायचा. कुणी आजारी पडलं तर टॅगवरून थेट त्या खाडीपर्यंत जाता येतं.

तिथेही सरकारी पैसा आहे. मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागरातली कालवं शंभर वर्षांत ओरबाडून संपत आली. कालवचोरांना आवरायला त्या राज्याने १८६८ मध्येच सशस्त्र जलपोलीस उभे केले होते. आता पुनर्लागवडीवर सरकार खर्च करतं, पण काढणाऱ्यांकडून मालावर कर आणि परवान्यावर अधिभारही घेतं. २०१० मध्ये उरलेल्या चांगल्या कालवक्षेत्राचा राखीव हिस्सा ९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर नेला गेला. मच्छीमार त्यावर नाराज झाले, वाद चालू राहिला. पण पैसा, राखीव जागा आणि तपासणी हे तिन्ही एकाच टेबलावर आहेत.

युरोपात खाडीचे अ, ब, क असे वर्ग आहेत. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय जंतू २३० पर्यंत असतील तर ‘अ’, माल थेट विकता येतो. ४,६०० पर्यंत असतील तर ‘ब’, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या टाकीत शुद्ध करून किंवा ठरल्या पद्धतीने शिजवूनच विकायचा. ४६,००० पर्यंत ‘क’, तिथे आणखी कडक अटी. त्याहून वर गेलं की विक्रीच नाही.

परदेशच कशाला, केरळातल्या कोल्लमच्या अष्टमुडी तलावाचं उदाहरण जवळचं आहे. तिथल्या शिंपल्या निर्यातीमुळे बेसुमार काढल्या गेल्या आणि १९९३ मध्ये उत्पादन घसरलं. सीएमएफआरआयच्या सल्ल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याच्या फासाला किमान माप, लहान मालाच्या निर्यातीला मनाई असे नियम आले आणि मच्छीमारांनी ते पाळले. २०१४ मध्ये याच शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. नियम म्हणजे धंद्याचा शत्रू, हे तिथे खोटं ठरलं.

आपल्या किनाऱ्यावर काय शक्य आहे?

ज्ञान आणि माणसं कमी नाहीत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जुन्या गोव्यात एळ्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेती संस्था, कारवारला सीएमएफआरआयचं केंद्र, रत्नागिरी आणि मंगळूरला मत्स्य महाविद्यालयं. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळ हैदराबादला आहे. केंद्राच्या २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ६,००० कोटींच्या मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत माशांच्या सुरक्षिततेचा आणि गुणवत्तेचा स्वतंत्र भाग आहे.

अडचण हिशेबाची आहे. बांबू आणि दोर हा एकदाचा भांडवली खर्च. तो दाखवता येतो, त्याचं उद्घाटन होतं. पाण्याची आणि मांसाची तपासणी हा दरमहा येणारा चालू खर्च. तो एका गटाने करायचा म्हटला तर अनुदानातला फायदा त्यातच जाईल. खाडी सगळ्यांची आहे, तेव्हा खाडीच्या तपासणीचा खर्चही सरकारने खाडीनिहाय केला पाहिजे. आणि तेरेखोलसारख्या नदीत तो दोन राज्यांनी मिळून केला पाहिजे, कारण एका काठाचं सांडपाणी दुसऱ्या काठाच्या माळेवर जातं.

हे झालं तर पहिला लाभ उत्पादक बायकांचाच आहे. मोठी हॉटेलं खात्रीच्या, टॅग लावलेल्या मालाला चांगला दर द्यायला तयार होतात. खात्री नसेल तर तेच कालव सोलून वाट्यावर विकावं लागतं. शिवाय आज ना उद्या एखाद्या ठिकाणी विषबाधा झाली, तर टॅग नसल्याने दोषी खाडी कोणती हे कळणार नाही आणि मालवणपासून कारवारपर्यंत सगळ्यांचाच माल पडून राहील.

अर्ज करणाऱ्या गटांनी विचारायचे प्रश्न

१. आपला प्रकल्प कोणत्या योजनेत बसतो आणि चालू वर्षाचे निकष काय? जुन्या शासन निर्णयाच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

२. अनुदान आधी मिळतं की खर्च झाल्यावर? खर्च झाल्यावर असेल तर मधल्या महिन्यांचं कर्ज आणि व्याज हिशेबात धरा.

३. जागेची परवानगी कुणाच्या नावे, किती वर्षांची? परवानगी एकीच्या नावे आणि कष्ट दहाजणींचे, असं होऊ देऊ नका.

४. या खाडीच्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल कोणत्या तारखेचा आहे? प्रदूषण मंडळाकडे लेखी मागा. मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

५. वर नाला, गटार, कारखाना, हॉटेलांची रांग किंवा होड्यांचं दुरुस्ती आवार आहे का? असेल तर जागा बदला.

६. माल काढल्यावर शुद्धीकरणाची टाकी जवळ कुठे आहे? स्वच्छ पाण्यात दीड-दोन दिवस ठेवल्याने जंतू बरेच कमी होतात. विषाणू तेवढे जात नाहीत. शिशासारखे जड धातू आणि शेवाळाचं विष तर त्याने जात नाही.

घेणाऱ्यांसाठी

कालव जिवंत घ्यावं. कवच उघडं असेल आणि टोचल्यावर मिटत नसेल तर टाकून द्यावं. कच्चं खायची फॅशन आपल्या बाजारातल्या मालाला लावू नये, नीट शिजवूनच खावं. यकृताचा आजार, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कच्च्या शिंपल्यांपासून लांबच राहावं. किनाऱ्यावर पाण्याला लाल, तपकिरी किंवा वेगळाच हिरवा रंग आला असेल, मासे मरून लागले असतील, तर त्या दिवसांत कालवं, तिसऱ्या, शिनाणे काहीच घेऊ नये. खाल्ल्यावर ओठ आणि बोटं बधिर झाली, मुंग्या आल्या, तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं.

आणि विकणारीला एकदा विचारावं, कालवं कोणत्या खाडीतली, कधी काढली. उत्तर देता येणारीकडून घ्यावं, दोन रुपये जास्त पडले तरी.